आधीच्या बिऱ्हाडाची पत्रे

जठारपेठेतल्या घरात आम्ही बिऱ्हाड थाटले, तेव्हा आधीच्या भाडेकऱ्यांनी मागे दोनच गोष्टी ठेवल्या होत्या : अंगणातली तुळस आणि स्वतःचा पत्ता. तुळशीला पाणी घातले की भागे. पत्त्याचे तसे नव्हते. विम्याच्या नोटिसा, बँकेची पाकिटे, कुंकू लावलेल्या लग्नपत्रिका, सारे माझ्या दारात पडे. परक्याचे पत्र फोडू नये एवढे मी पाळी आणि सारे कोनाड्यात टाकी. या सभ्यतेचा मला थोडा अभिमानही होता.

दिवाळीची झाडलोट करताना सौभाग्यवतीने कोनाडा उपसला. त्यात एक पोस्टकार्ड निघाले. हिंदुस्थानात १८७९ साली आलेले हे कार्ड मुळी उघडेच, नजर गेलीच. थरथरत्या अक्षरात लिहिले होते, ‘गुरुवारी डोळ्याचे ऑपरेशन आहे. त्याआधी एकदा येऊन जा.’ कार्ड येऊन आठ दिवस झाले होते. आज बुधवार!

धावत घरमालकांकडे गेलो. त्यांनी वहीतून अमरावतीचा फोन नंबर काढून दिला. म्हणाले, “अजी, फोडाचं नाही हे बरोबर, पन ठेवाचं बी नाही! जुना पत्ता खोडाचा, नवा लिहाचा अन् टाकाचं पेटीत.”

फोनवर मी मजकूर वाचून दाखवला. पलीकडे क्षणभर शांतता. मग, “आत्ताच निघतो. फार उपकार झाले तुमचे!”

कोनाड्यातले आठ दिवस मी त्यांना सांगितले नाहीत. कोनाडा मात्र आता रिकामा असतो.