साडेसात किलोचं वटवाघूळ

झुबॅटचं वजन साडेसात किलो आहे. पोकेमॉनच्या जगात प्रत्येक प्राण्याची कुंडली पोकेडेक्स नावाच्या यंत्रात असते. तिथं ४१व्या क्रमांकावर स्वच्छ लिहिलंय: उंची ०.८ मीटर, वजन ७.५ किलो. खऱ्या जगात सगळ्यात थोराड वटवाघळांमध्ये फिलिपाइन्समधल्या एका फळखाऊ जातीचं नाव घेतात. पंख पसरले की ती दीड मीटर भरते, पण काट्यावर ठेवली तर दीड किलोच्या आसपासच थांबते. झुबॅट तिच्या पाचपट. बरं, चित्रात पाहावं तर हे निळ्या रबरी पिशवीला पंख फुटल्यासारखं ध्यान. दोन दोऱ्यांएवढे बारीक पाय, वासलेलं तोंड, सुळे, आणि डोळे मुळीच नाहीत. त्याचा पुढचा अवतार गोलबॅट तर ५५ किलोंचा. हे धूड गुहेच्या छताला उलटं लटकतं तेव्हा छताचं काय होत असेल, असा प्रश्न ते बनवणाऱ्या गेम फ्रीक कंपनीत कुणाला पडलेला दिसत नाही.

खेळणाऱ्यांना मात्र झुबॅटचं ओझं जाणवलं ते भलत्याच ठिकाणी, माउंट मूनमध्ये.

‘पोकेमॉन रेड’ आणि ‘ग्रीन’ हे खेळ जपानमध्ये २७ फेब्रुवारी १९९६ रोजी आले. प्राणी १५१, आणि ते सगळे मावायचे कुठे, तर गेम बॉय नावाच्या हातात धरायच्या खेळयंत्राच्या १६० बाय १४४ ठिपक्यांच्या पडद्यावर. या खेळाचा जनक सातोशी ताजिरी लहानपणी किड्यांमागे धावलेला. टोकियोजवळच्या माचिदा भागात तो वाढला. पुढे शेतं-तळी बुजून इमारती आल्या आणि किडे गेले. पकडायचं, सांभाळायचं, मित्राशी अदलाबदल करायची, हा सगळा खेळ त्या किडेवेडातून निघालेला आहे. आणि किडे पकडलेल्या कुणालाही विचारा, हवा असतो तो भुंगा हाताला लागत नाही. नको असलेल्या चिलटांना मात्र अंत नसतो.

प्यूटर सिटीत ब्रॉक नावाच्या तिथल्या म्होरक्याला हरवलं की पुढच्या सेरुलियन सिटीला जायचं. वाटेत माउंट मून हा डोंगर आडवा येतो, आणि डोंगर ओलांडायचा म्हणजे गुहेतून. बाहेरच्या रस्त्यांवर रानटी पोकेमॉन उंच गवतात भेटतात. नको असतील तर गवताला वळसा घालून कडेकडेनं निघून जावं. गुहेत ही सोय नाही. तिथली सगळी जमीनच गवत. प्रत्येक पावलाला खेळ आतल्या आत ० ते २५५ मधला एक आकडा काढतो, तो ठरावीक मर्यादेखाली आला की पडदा लुकलुकतो, संगीत बदलतं, आणि समोर कोण, तर बहुतेक वेळा झुबॅट. त्याला आडवा करावा, चार पावलं टाकावीत, पुन्हा झुबॅट. पळ काढावा, पुन्हा झुबॅट. ३५० मोजून ‘रिपेल’ नावाचा फवारा घ्यावा, तर त्याचा असर शंभर पावलं. तोही आपला पहिला गडी समोरच्यापेक्षा वरच्या लेव्हलचा असेल तरच.

एवढं करून झुबॅट ताकदवान म्हणावा तर तेही नाही. ‘लीच लाइफ’ नावाचा त्याचा रक्तशोषक दंश तेव्हा इतका मिळमिळीत होता की रक्त पितोय की चव घेतोय ते कळू नये. खरा वैताग दहाव्या लेव्हलला सुरू होतो. तेव्हा तो ‘सुपरसॉनिक’ शिकतो. कानावर न येणारा आवाज सोडतो, तो शंभरात पंचावन्न वेळा लागू पडतो, आणि लागू पडला की आपला पोकेमॉन भंजाळतो. त्या पहिल्या खेळांत भंजाळलेला गडी निम्म्या वेळा स्वतःलाच ठोसे मारून घ्यायचा. पोरं माउंट मूनमधून बाहेर पडायची ती झुबॅटनं मारल्यामुळे अर्धमेली नव्हे, स्वतःच्याच पोकेमॉननं स्वतःला बडवल्यामुळे. त्यातून पहिल्या गेम बॉयच्या पडद्याला स्वतःचा उजेड नव्हता. अंधाऱ्या गुहेतला हा प्रवास करायला बाहेरचा दिवा लागायचा.

झुबॅटला शिव्या घालणं हा पोकेमॉन खेळणाऱ्यांचा सामायिक छंद आहे. शिव्या रास्तच आहेत. पण त्या खेळात खऱ्या रानासारखं काही असेल तर ते हेच. दर वळणावर नवा दुर्मिळ प्राणी भेटला असता तर ते प्राणिसंग्रहालय झालं असतं. माउंट मूनमध्ये क्लेफेरी नावाचा गुलाबी, लाडका, क्वचित दिसणारा पोकेमॉनही आहे. त्याचं दुर्मिळपण टिकतं ते झुबॅटांच्या जिवावर.

आता त्या डोळ्यांबद्दल. खऱ्या वटवाघळांच्या प्रत्येक जातीला डोळे असतात आणि त्यांतून दिसतंही. फळांवर जगणारी मोठी वटवाघळं तर नजरेवर आणि नाकावरच विसंबून असतात. झुबॅट आंधळा केला तो आपल्या समजुतीप्रमाणे. मात्र आंधळं केलेलं वटवाघूळ माणसानं प्रत्यक्षात पाहिलेलं आहे, आणि तो किस्सा पोकेमॉनपेक्षा दोनशे वर्षं जुना आहे.

लाझारो स्पालान्झानी हा इटलीतला धर्मगुरू, पाव्हिया विद्यापीठात प्राध्यापक. कशातही नाक खुपसणारा माणूस. १७९३ साली त्याच्या लक्षात आलं की खोलीतली मेणबत्ती विझली की पाळलेलं घुबड भिंतींवर धडकतं, वटवाघळं मात्र खुशाल उडत राहतात. त्यानं छतापासून दोरे सोडले. वटवाघळांनी ते चुकवले. मग त्यानं त्यांचे डोळे काढले. हे वाचताना अंगावर काटा येतो, पण त्या काळी विज्ञानाचा हात असाच चालायचा. आंधळी वटवाघळंही दोरे चुकवत उडाली. त्यानं काही आंधळी वटवाघळं बाहेर सोडून दिली आणि काही दिवसांनी पाव्हियाच्या कॅथेड्रलच्या घंटाघरातून पुन्हा पकडून आणली. पोटं फाडून पाहिली तर किड्यांनी गच्च भरलेली. डोळस सोबत्यांच्या बरोबरीनं त्यांनी रात्रभर शिकार केली होती.

जिनिव्हाच्या लुई ज्युरीन नावाच्या शल्यवैद्यानं याची खबर ऐकून वेगळा उद्योग केला. त्यानं डोळे सोडून कान बंद केले. वटवाघळं धडाधड आपटली. स्पालान्झानीला हे पटेना. तरी त्यानं स्वतः करून पाहिलं, कानांत पितळेच्या बारीक नळ्या बसवल्या. नळ्या उघड्या असताना वटवाघळं नीट उडाली, बुजवल्यावर धडकली. म्हणजे वटवाघूळ कानानं वाट काढतं. पण ऐकतं काय? माणसाच्या कानाला तर ते मुकंच. उत्तर न सापडताच स्पालान्झानी १७९९ साली वारला. मग पॅरिसच्या कुव्हिए या प्राणिशास्त्रज्ञानं निकाल दिला की हे सगळं स्पर्शाचं काम, पंखांना हवेची जाणीव होते. प्रयोग न करता दिलेला निकाल, पण माणूस मोठा. तो निकाल शंभर वर्षं चालला.

१९१२ साली टायटॅनिक बुडालं, तेव्हा मशीनगनवाला हायरम मॅक्सिम या प्रकरणात उतरला. पंखांच्या फडफडीचा खर्जातला आवाज परत येतो आणि त्यावरून वटवाघळाला अडथळा कळतो, असा त्याचा तर्क. तसंच यंत्र जहाजांवर बसवून हिमनग हुडकावेत, ही सूचना. कल्पना अर्धी बरोबर होती. प्रतिध्वनीचं खरं, पण आवाज खर्जात नव्हता, आपल्या कानाच्या पार वरच्या टोकापलीकडे होता. १९३८ साली हार्वर्डमधला डोनाल्ड ग्रिफिन नावाचा विद्यार्थी वटवाघळं घेऊन जी. डब्ल्यू. पीयर्स या भौतिकशास्त्रज्ञाकडे गेला. पीयर्स यांच्याकडे ऐकू न येणारे आवाज ऐकू येतील असे खाली उतरवणारं यंत्र होतं. त्यासमोर वटवाघळं धरली, आणि मुकी समजलेली ती जनावरं कल्ला करताना सापडली. रॉबर्ट गॅलम्बोसला जोडीला घेऊन ग्रिफिननं पुढचे प्रयोग केले. गॅलम्बोसनं एका परिषदेत हे मांडलं तेव्हा एका नामवंत शरीरशास्त्रज्ञानं त्याचे खांदे धरून त्याला गदागदा हलवलं म्हणतात. वटवाघळाला असली करामत जमते, हे त्या गृहस्थांना सहनच झालं नाही.

पोकेमॉनवाल्यांना हे सगळं आयतं मिळालं. त्यांनी डोळे काढले, आवाज ठेवला. गंमत अशी की झुबॅट मोठा होऊन गोलबॅट झाला की त्याला डोळे फुटतात.

गोलबॅटच्या पुढचा अवतार १९९९ सालच्या ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’मध्ये आला, क्रोबॅट. जांभळा, चार पंखांचा, पाय घालवून त्यांचेही पंख केलेला, वेगाच्या बाबतीत भल्याभल्यांच्या पुढे. पण गोलबॅटचा क्रोबॅट नुसत्या लढाया जिंकून होत नाही. त्याचा मालकावर जीव जडावा लागतो. खेळ हा जीव ० ते २५५ अशा आकड्यात गुपचूप मोजतो. सोबत चालत राहिलं की तो वाढतो, बेशुद्ध पडू दिलं की घटतो, कडू जडीबुटी पाजली की आणखी घटतो. गोल्डनरॉड शहराच्या भुयारी बाजारात दोन भाऊ केस कापून देतात, त्यानंही तो वाढतो. अंगावर केसाचा पत्ता नसलेल्या गोलबॅटला तिथं हजामतीला बसवलेली पोरं जगभर असतील. भारतातल्या पोरांना गेम बॉय क्वचितच मिळाला. त्यांनी हा सगळा प्रवास कार्टून नेटवर्कवर हिंदीत पाहिला, ब्रॉकच्या झुबॅटचा क्रोबॅट होईपर्यंत.

रक्तपिप्या वटवाघळाला माया लावण्याची ही कल्पना लाडिक वाटते, पण निसर्ग तिच्या बाजूनं आहे. रक्तावर जगणाऱ्या वटवाघळांच्या तीनच जाती, तिन्ही अमेरिका खंडातल्या. लागोपाठ दोन-तीन रात्री शिकार मिळाली नाही तर हा जीव उपाशी मरतो. जेराल्ड विल्किन्सन यांनी कोस्टारिकात पाहिलेलं १९८४ साली प्रसिद्ध केलं: भुकेलं वटवाघूळ ढोलीत परतलं की पोट भरलेलं दुसरं एखादं प्यायलेलं रक्त ओकून त्याच्या तोंडात घालतं. नात्यातल्याला घालतं, तसंच ढोलीतल्या जुन्या ओळखीच्यालाही. पुढच्या अभ्यासांत तर असं दिसलं की कोण कुणाला भरवतं हे रक्ताच्या नात्यापेक्षा आधी कुणी कुणाला भरवलं होतं, यावर जास्त ठरतं.

२००६ सालच्या ‘डायमंड’ आणि ‘पर्ल’मध्ये सायरस नावाचा खलनायक आहे. भावना ही जगाची कीड, सबब भावनाच नसलेलं नवं जग निर्माण करायचं, हा त्याचा कार्यक्रम. स्पिअर पिलरवरच्या लढाईत त्याच्या ताफ्यातून क्रोबॅट बाहेर पडतो. खेळात यावर कुणी अवाक्षर काढत नाही. कथाकारांनी हे मुद्दाम केलं असेल तर त्या चमूतल्या निदान एकाला कादंबरी लिहायला बसवायला हवं होतं.

अलीकडच्या खेळांत वैताग कमी केलाय. २०१८च्या ‘लेट्स गो’मध्ये झुबॅट गुहेत फडफडताना आधीच दिसतो, त्याला चुकवून जाता येतं. सोय झाली, गुहा मात्र बोळकी झाली.

सुपरसॉनिकचा हिशेब बाकी आहे. २००९ साली ‘सायन्स’मध्ये ॲरन कॉर्कोरन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एका पतंगाबद्दल लिहिलं, बर्थोल्डिया त्रिगोना. वटवाघूळ झेपावलं की हा पतंग सेकंदाला साडेचार हजारांपर्यंत टिकटिकी सोडतो. वटवाघळाच्या प्रतिध्वनींचा त्यात विचका होतो आणि झेप हुकते. थोडक्यात, भंजाळून जाण्याची पाळी वटवाघळावर येते. तिकडे ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’मध्ये, म्हणजे या शोधाच्या दहा वर्षं आधी, व्हेनोनॅट नावाचा एक गोल डोळ्यांचा किडा नवव्या लेव्हलला सुपरसॉनिक शिकत होता. आणि हा व्हेनोनॅट मोठा होऊन बनतो व्हेनोमॉथ, चक्क पतंग.