आधी शांतता, मग गीत



मननासाठी शास्त्रभाग : १ इतिहास २५:१-८

दावीद राजाने मंदिरातील गायकांची नेमणूक कशी केली, ते या अध्यायात आहे. परमेश्वरासाठी गाण्याचे शिक्षण घेतलेले २८८ जण होते. त्यांच्या पाळ्या चिठ्ठ्या टाकून ठरवल्या आणि त्यात लहान-मोठा, गुरू-शिष्य असा भेद ठेवला नाही. म्हणजे मनात भक्ती असली तरी शिकणे सुटत नाही, आणि शिकलेल्याला वरची जागा मिळते असेही नाही. हा अध्याय मला वारंवार आठवतो, कारण पन्नाशीत मी गाणी रेकॉर्ड करून ती मिक्स करायला शिकले.

त्यामागे एक काळजी होती. आपल्या गीतांच्या पुस्तकात शब्द छापलेले असतात आणि वर चालीचे नाव. प्रत्यक्ष चाल असते ती म्हाताऱ्या माणसांच्या गळ्यात. रेव्ह. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढे १९१९ साली प्रभूघरी जाईपर्यंत मराठी मंडळीला आपल्या मातीतली भजने व अभंग दिले. पण बेळगाव-निपाणी भागातली आपली कितीतरी मुले कन्नड नाहीतर इंग्रजी शाळेत जातात. घरी मराठी बोलतात, पण देवनागरी वाचताना अडखळतात. त्यांना गीत मिळणार ते कानानेच. आणि कानावर येतात ते मोबाईलवरचे तयार ट्रॅक. ट्रॅक वाईट नाहीत, पण आमच्या मंडळीची चाल, कुठे थांबायचे, कुठे आवाज वळवायचा, ते त्यात नसते. एक ज्येष्ठ माणूस गेला की दोन-चार चाली त्याच्याबरोबर मातीत जातात.

स्टुडिओचे भाडे आम्हाला झेपणारे नव्हते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये भाचीने कोर्सेरावरचा एक अभ्यासक्रम दाखवला. अमेरिकेतल्या बर्कली संगीत महाविद्यालयाचे लाउडन स्टर्न्स तो शिकवतात. प्रमाणपत्र नको असेल तर धडे फुकट पाहता आले. इंग्रजी वेगाने कळत नसे, म्हणून खाली येणारी अक्षरे वाचत एकेक धडा तीन-तीनदा पाहिला. जुन्या लॅपटॉपवर ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर घेतले. एवढीच तयारी.

पहिला धडा शांततेचा होता. गाण्याआधी काही सेकंद कोणीही न बोलता नुसती खोली रेकॉर्ड करायची. त्यात पंख्याची घरघर, बाहेरची रिक्षा, सगळे येते. पंखा सारखा घरघरतो, तो आवाज ओळखून सॉफ्टवेअर नंतर गाण्यातून कमी करते. रिक्षा मात्र येते-जाते, ती जाईपर्यंत आपणच थांबायचे. होरेबावर एलीयाला वारा, भूकंप आणि अग्नी यांनंतर देवाची मंद वाणी ऐकू आली (१ राजे १९). आपल्या प्रार्थनेत आपण लगेच बोलायला लागतो. आत कसली घरघर चालू आहे, हे आधी ऐकले तर?

दुसरा धडा मिक्सिंगचा. पेटी, तबला आणि गळा वेगवेगळे रेकॉर्ड केले की गळा ऐकू येत नाही म्हणून आपण त्याचा आवाज वाढवतो, मग पेटी दबते, मग पेटी वाढवतो. शेवटी आवाज मर्यादेबाहेर जाऊन फाटतो, आणि रेकॉर्डिंगमध्ये फाटलेला आवाज पुन्हा नीट सांधत नाही. त्यावर उपाय म्हणजे बाकीच्यांनी थोडे खाली येणे. फिलिप्पै २:३ मध्ये पौल हेच सांगतो. मंडळीच्या सभांमध्येही हा धडा उपयोगी पडेल, असे नम्रपणे सुचवते.

तिसरा धडा घुमण्याचा. १८९५ सालीच अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस सॅबाइन नावाच्या तरुण प्राध्यापकाकडे एक अडचण आली. एका व्याख्यानगृहात बोललेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राही, त्यामुळे पुढचे काही कळत नसे. त्यांनी शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या आणून रात्री-रात्री मोजमाप केले. गाद्या आवाज शोषतात, तशी माणसेही शोषतात, हे त्यांनी मोजून दाखवले. रिकाम्या मंदिरात वचन घुमत राहते, भरलेल्या मंदिरात ते स्पष्ट ऐकू येते. मागच्या बाकावर गप्प बसणारा भाऊसुद्धा शेजाऱ्याला वचन ऐकायला मदत करत असतो! इब्री १०:२५ मी आता या अर्थानेही वाचते.

सर्वांत अवघड प्रश्न मात्र अभ्यासक्रमात नव्हता. निपाणीकडच्या एका आजींनी, ज्यांचे आयुष्य बिड्या वळण्यात गेले, कितीतरी चाली मला गाऊन दिल्या. "पोरी, ह्या डब्यात माझा आवाज ऱ्हातोय होय गं?" असे त्यांनी विचारले. त्यांचा सूर वरच्या पट्टीत थरथरतो, मध्ये श्वास तुटतो. सूर आपोआप सरळ करणारी साधने मिळतात. तरुणांचे म्हणणे, "बाई, थोडा सरळ करूया की." मी नाही म्हटले. पंख्याची घरघर काढली, श्वास ठेवला. त्या थरथरीतच वळण आहे, आणि ती त्यांची साक्ष आहे. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व क्षयाने देवासला अंथरुणाला खिळले असताना माळव्याची लोकगीते ऐकत आणि जमवत राहिले. एवढ्या मोठ्या गायकाने साध्या माणसांच्या गळ्यातून शिकण्यात कमीपणा मानला नाही.

तुमच्या मंडळीतही अशा आजी-आजोबा असतील. लॅपटॉप नसला तरी चालेल. पंखा बंद करा, मोबाईल तोंडापासून वीतभर लांब ठेवा, आधी दहा सेकंद शांत बसा, मग गायला सांगा. शेवटी त्यांचे नाव, गाव आणि चाल कोणाकडून शिकले, ते त्यांच्याच तोंडून घ्या. मग संडेस्कूलच्या मुलांना ऐकवा आणि त्यांच्याकडून म्हणवून घ्या, कारण फाईल हरवते, पण मुलाच्या गळ्यात बसलेली चाल पुढच्या पिढीला मिळते.

प्रार्थना : हे प्रभू, आमच्या वडीलधाऱ्यांच्या गळ्यात तू ठेवलेली गीते आम्हाला ऐकू दे. शिकायला लाज वाटू नये आणि शिकल्यावर गर्व येऊ नये, अशी कृपा कर. कन्नड आणि मराठी, दोन्ही जिभांनी आमची मुले तुझी स्तुती करोत. येशूच्या नावात मागतो. आमेन.