चिकटपट्टीखालचा फेडर

माझ्या पहिल्या स्वतंत्र हळदीत मी अख्ख्या मांडवाला जनरेटर ऐकवला.

पेणजवळचं गाव, रात्रीचे साडेआठ, नाच रंगात आलेला. डावीकडचं गाणं संपत आलं होतं. मी उजवीकडच्या गाण्याचा फेडर वर नेला, डावीकडचा खाली आणला आणि आवाज गेला. दोन-तीन सेकंदच असतील. पण हात वर केलेली माणसं तशीच थांबली आणि मांडवामागचा जनरेटर घरघरताना सगळ्यांना ऐकू आला. "डीजे झोपला काय रे?" नवरीचा मामा ओरडला. कंट्रोलर बॅगेतून काढताना क्रॉसफेडर ढकलला जाऊन पार डाव्या टोकाला गेला होता. घरी आल्यावर मी तो मधोमध आणला आणि वर चिकटपट्टी लावून टाकली.

मिक्सर कधी जवळून पाहिला नसेल तर सांगतो. प्रत्येक गाण्याला एक उभा फेडर असतो, नळासारखा. वर नेला की आवाज वाढतो. त्यांच्या खाली एक आडवा असतो, तो क्रॉसफेडर. डाव्या टोकाला फक्त डावं गाणं, उजव्या टोकाला फक्त उजवं, मध्ये दोन्ही. उभा फेडर कितीही वर असला तरी आडवा भलत्या टोकाला असेल तर स्पीकर मुका.

"खरे डीजे क्रॉसफेडरला हात लावत नाहीत," असं मला एका सीनियरने सांगितलं होतं. त्या रात्रीनंतर मीही ते सगळ्यांना सांगू लागलो. फजिती झाकायला तत्त्वासारखं दुसरं पांघरूण नाही.

तसं त्या म्हणण्यात तथ्य आहे. सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कच्या डिस्को क्लबांमध्ये बोझॅकचे मिक्सर असत. त्यांवर फिरवायची बटणं होती, क्रॉसफेडर नव्हताच. हाऊस आणि टेक्नो वाजवणारे आजही बहुतेक वेळा उभ्या फेडरवर आणि इक्यूवर काम करतात. दोन्ही गाणी एका वेगावर आणायची, बत्तीस ठोके मोजायचे, नवं गाणं बेस कापून हळूच आत घ्यायचं, मग जुन्याचा बेस काढून त्याच क्षणी नव्याचा सोडायचा. दोन बेस एकदम वाजले की नुसता चिखल होतो. हे क्रॉसफेडरवर करायला गेलं तर एक गाणं वाढवताना दुसरं आपोआप कमी होतं. दोघांना वेगवेगळं सांभाळता येत नाही.

पण त्याच शहरात, ब्रॉन्क्समध्ये, गोष्ट वेगळी होती. 11 ऑगस्ट 1973 रोजी सेजविक अव्हेन्यूवरच्या एका इमारतीत कूल हर्कने पार्टी केली. गाण्यातला फक्त तालाचा तुकडा लांबवायचा, ही त्याची रीत. ग्रँडमास्टर फ्लॅशने तीच गोष्ट काटेकोर केली: एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती, एकीवरचा तुकडा संपला की दुसरीवर तोच पुन्हा. पुढे ग्रँड विझर्ड थिओडोरचं स्क्रॅचिंग आलं. या सगळ्याला रेंगाळणारं मिश्रण नको होतं, सुरीसारखा काप हवा होता. क्रॉसफेडर त्या हातांचं हत्यार झालं.

हे सगळं मी वाचलं होतं. तरी चिकटपट्टी काढली नाही.

माझे बाबा बरीच वर्षं बेंजो पार्टीत ढोलकी वाजवायचे. आता त्यांना सुपाऱ्या फारशा येत नाहीत. ज्या घरांत मी वाजवतो, त्यांतल्या कितीतरी घरांत आधी ते वाजवून आलेत. आमच्या घरात हा विषय निघत नाही.

मागच्या वर्षी एका नात्यातल्या हळदीला ते पाहुणे म्हणून आले होते. मी एका जुन्या कोळीगीतातून हाऊस रीमिक्समध्ये जात होतो, लांबलचक, व्हिडिओत शिकल्याप्रमाणे. कोळीगीताची चाल सहाच्या लचकीवर, रीमिक्स चारच्या ठोक्यावर. शिवाय जुनं गाणं माणसांनी वाजवलेलं, त्याचा वेग मध्येच सरकतो. स्क्रीनवर आकडे जुळत होते, मांडवात पाय जुळत नव्हते. बायका नाचता नाचता थांबून एकमेकींकडे बघू लागल्या.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी बाबा म्हणाले, "काल तू दोन गाणी एकमेकांवर घातलीस. आम्ही सात-आठ जण असायचो, पण दोन गाणी एकदम कधी वाजवली नाहीत."

"मग गाणं बदलायचात कसं?"

त्यांनी स्टीलचं ताट पुढे ओढलं. बोटांनी कोळीगीताचा ठेका धरला, ओळ संपताना एक छोटा तोडा घेतला आणि समेवर थाप पडली ती थेट दुसऱ्या गाण्याच्या ठेक्यात. "समेवर सोडायचं, समेवर धरायचं. मधे रेंगाळलास की नाचणाऱ्याचा पाय कुठे पडणार?"

मी आत जाऊन चिकटपट्टी काढली. गोंदाचे डाग राहिले ते अजून आहेत. सेटिंगमध्ये क्रॉसफेडरची कर्व्ह तीक्ष्ण केली, म्हणजे टोकापासून जरासा सरकला तरी दुसरं गाणं पूर्ण आवाजात येतं. मग दोन महिने एवढंच केलं: ओळ संपली, सम आली, काप. सुरुवातीला हात अर्ध्या ठोक्याने उशिरा पोचायचा. बाबा बाहेरच्या खोलीतून नुसतं "उशीर" म्हणायचे.

आता मी गाणं निवडतानाच स्वतःला विचारतो, ही दोघं एकत्र नांदतील का? नांदणार असतील तर उभे फेडर आणि बेसची अदलाबदल. नसतील तर आडवा, समेवर. आणि कंट्रोलर बॅगेतून काढला की आधी क्रॉसफेडर कुठे आहे ते बघतो.

येत्या हळदीला बाबांनी माझ्या शेजारी बसून ढोलकी वाजवावी, असं मी त्यांना विचारलंय. माईकचा आवाज माझ्या कंट्रोलरवर क्रॉसफेडरमधून जात नाही. तो डावीकडे असो की उजवीकडे, ढोलकी चालूच राहील. हे मी त्यांना दोनदा समजावून सांगितलं. ते अजून हो म्हणालेले नाहीत. काल मात्र ढोलकीच्या दोऱ्या ओढून बघत होते.