फुटस्क्रेच्या कुंपणाशी

परदेशी गेलेल्या माणसाने काय पाहावे, याविषयी प्रत्येकाचे मत निराळे असते. आमच्या भाचीने आम्हांस मेलबर्नला बोलावून घेतले, तेव्हा समुद्रकिनारा, संग्रहालये, बागा, कॅथेड्रल अशी एक लांबलचक यादीच तिने तयार ठेवली होती. ती सर्व स्थळे आम्ही पाहिली आणि ती पाहण्यासारखीच आहेत. परंतु गावी परतल्यावर जे ठिकाण पुन:पुन्हा डोळ्यांपुढे उभे राहते, ते त्या यादीत नव्हतेच. ते म्हणजे फुटस्क्रे नावाच्या उपनगरातील एक क्रीडांगण आणि त्याचे कमरेइतक्या उंचीचे कुंपण.

तेथे आमचे जाणे घडले ते भाचीच्या पंधरा वर्षांच्या मुलामुळे. जानेवारी महिना होता. त्या देशी तो ऐन उन्हाळा. शाळांना सुटी होती. मुलगा घराजवळच्या एका लहानशा क्लबातून तिकडचा फुटबॉल खेळतो. त्या आठवड्यात मुलांची निवड झाली आणि पहिल्या संघाच्या यादीत त्याचे नाव आले नाही. ते दुसऱ्या संघात गेले. वडीलधाऱ्यांच्या दृष्टीने ही क्षुल्लक गोष्ट. परंतु मुलाने तीन दिवस खोलीचे दार लावून घेतले. जेवावयास हाक मारली की आतून उत्तर येई, "भूक नाही." शेवटी भाची आम्हांस म्हणाली, "मामा, आता तुम्हीच त्याला दोन शब्द सांगा."

सांगणार काय? त्या खेळाचे आम्हांस अक्षरही ठाऊक नव्हते. म्हणून आम्ही दाराशी जाऊन एवढेच म्हटले, "बाळ, आम्ही आता म्हातारे झालो. तुझा हा खेळ आहे तरी काय, तो आम्हांला जरा समजावून देशील का?" आतून काहीच उत्तर आले नाही. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी स्वारी टोपी घालून दारात उभी! "आजोबा, चला. आज बुलडॉग्जचा सराव आहे. तिकीट लागत नाही."

भाचीचे बिऱ्हाड टार्नेट येथे, म्हणजे शहराच्या पश्चिम टोकाला आहे. तेथून आगगाडीने आम्ही फुटस्क्रे स्थानकावर उतरलो आणि बार्कली रस्त्याने पश्चिमेकडे चालू लागलो. हा भाग पूर्वी कारखान्यांचा, दगडाच्या खाणींचा आणि मजुरांच्या लहान लहान घरांचा होता. पुढे निरनिराळ्या देशांचे लोक येथे येऊन राहिले. स्थानकाजवळ व्हिएतनामी लोकांची दुकाने आहेत, त्यांच्या शेजारी आफ्रिकेतून आलेल्यांची. आणि त्याच रस्त्याने आणखी पुढे गेले की आपल्या लोकांची उपाहारगृहे व किराण्याची दुकाने लागतात. त्या दुकानांच्या अलीकडेच व्हिटन ओव्हल हे मैदान आहे. प्रवेशद्वारापाशी टेड व्हिटन या थोर खेळाडूचा पुतळा उभा आहे. १९५१ ते १९७० या काळात हा गृहस्थ एकाच क्लबासाठी ३२१ सामने खेळला. १९९५ मध्ये त्याचे निधन झाले, आणि त्याच वर्षी मैदानास त्याचे नाव देण्यात आले.

येथे वाचकांना या क्लबाची थोडी हकीकत सांगितली पाहिजे. फुटस्क्रेचा क्लब १९२५ साली राज्याच्या मोठ्या लीगमध्ये आला आणि १९५४ साली त्याने प्रथमच अजिंक्यपद मिळविले. त्यानंतर मात्र दिवस पालटले. १९८९ साली लीगच्या कारभाऱ्यांनी जाहीर केले की, हा क्लब कर्जात बुडाला आहे, सबब तो फिट्झरॉय नावाच्या दुसऱ्या क्लबात मिसळून टाकावा. तेव्हा या मजूर वस्तीतील लोक उठले. बादल्या हाती घेऊन ते रस्तोरस्ती उभे राहिले, दारोदार फिरले. आयरीन चॅटफील्ड या क्लबाच्या चाहत्या बाईंच्या नावाने न्यायालयात दावा दाखल झाला. काही आठवड्यांत लागणारे पैसे जमले आणि क्लब वाचला. वेस्टर्न बुलडॉग्ज हे नाव त्यास १९९० नंतरच्या दशकात मिळाले. मोठे सामने आता या मैदानावर होत नाहीत. ते शहरातील मोठ्या मैदानांवर होतात. परंतु सराव येथेच चालतो, आणि लोक तो पाहावयास येथेच येतात.

आम्ही पोहोचलो तेव्हा कुंपणाशी पन्नास-साठ माणसे उभी होती. काहींनी घडीच्या खुर्च्या आणल्या होत्या, काहींनी चहाची किटली. ऊन कडक होते. हे मैदान पूर्वीपासून वाऱ्यासाठी प्रसिद्ध आहे, आणि त्या दिवशीही तो इतका सुटला होता की टोपी एका हाताने धरूनच उभे राहावे लागे. मुलाने कुंपणावर हात टेकले आणि आमचा वर्ग सुरू केला.

मैदान लंबवर्तुळाकार असते. दोन्ही टोकांस चार चार उंच खांब. पायाने मारलेला चेंडू मधल्या दोन खांबांतून गेला तर ६ गुण, बाजूच्या जोडीतून गेला तर १ गुण. चेंडूही गोल नव्हे, लांबट. तो हातात घेऊन पळता येते, परंतु १५ मीटरांच्या आत एकदा जमिनीवर आपटावा लागतो. तो फेकता येत नाही. एका तळहातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसा मारून पुढे द्यावा लागतो. आणि कोणी दुरून लाथेने मारलेला चेंडू हवेतच झेलला, तर तो त्याचा झाला. मग त्यास कोणी अडवावयाचे नाही. मैदानावर एका बाजूचे १८ गडी असतात आणि बाहेर ५ राखीव. म्हणजे सामन्यासाठी नावे लागतात २३.

"आणि क्लबात खेळाडू किती?" आम्ही विचारले.

"चाळीसच्या वर," मुलगा म्हणाला; आणि पुढे काही बोलला नाही.

नोव्हेंबरात तरुण खेळाडू प्रथम परततात, मागाहून जुने येतात. नाताळची थोडी सुटी संपली की जानेवारीत पुन्हा घाम गाळणे सुरू. मार्चमध्ये हंगाम उघडेपर्यंत हेच चालते. आमच्या डोळ्यांदेखत ते सर्व गडी चार-पाच तुकड्यांत विभागले गेले. एक तुकडी मुठीने चेंडू देत-घेत त्रिकोणात धावत होती. एक तुकडी मोठमोठ्या उशांवर अंग झोकून पकडीचा अभ्यास करीत होती. खांबांपुढे काही जण वाऱ्याचा अंदाज घेत नेम धरीत होते. प्रत्येकाच्या पाठीवर, मानेखाली, एक लहानसे यंत्र बसविलेले असते. कोण किती धावला आणि किती वेगाने, हे त्यावरून कळते. हंगामापूर्वी दोन किलोमीटरांच्या शर्यतीचीही कसोटी असते. शेवटी दोन रंगांचे सदरे वाटले गेले आणि खरोखरीच्या सामन्याप्रमाणे खेळ सुरू झाला.

तो सुरू होताच कुंपणाशी दुसरा खेळ सुरू झाला. तो म्हणजे वादाचा! आमच्या उजव्या हाताला एक वृद्ध गृहस्थ होते. १९५४ चा अंतिम सामना त्यांनी लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिला होता, असे त्यांनी आम्हांस पहिल्या पाच मिनिटांतच सांगितले. डावीकडे एक तरुण व्हिएतनामी गृहस्थ होते. ते कचेरीतून रजा काढून आले होते. वाद असा की, बचावाच्या फळीत कोणास घ्यावे? गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर वर्षाने परतलेल्या तिशीतल्या गड्याला, की एकोणीस वर्षांच्या नवख्याला? वृद्ध म्हणाले, जुन्या गड्याला चेंडू कोठे पडणार हे आधीच कळते. पोरगा नुसता पळतो. तरुण म्हणाले, कळून काय उपयोग, तेथवर पोहोचावयास पाय नकोत काय? मग तिसरे एक गृहस्थ मध्ये पडले. त्यांचे म्हणणे, दोघांनाही वगळावे आणि एक उंच गडी जास्त घ्यावा. पंच चेंडू वर उडवतो तेव्हा तो टोलवावयास एकाला दोघे बरे. त्यावर दोघेही मिळून तिसऱ्यावर तुटून पडले.

आम्हांस आमच्या गावची आठवण झाली. फेस्ताच्या सामन्यांच्या आदल्या रात्री चर्चच्या पायरीवर असाच वाद होतो. कोणाचा मुलगा घ्यावा, कोणाचा पुतण्या वगळावा, यावरून दोन घरांत वर्षभर बोलणे बंद झाल्याचे आम्ही पाहिले आहे.

परंतु आमचे लक्ष वेधले ते पलीकडे खुर्चीत बसलेल्या एका वृद्ध बाईंनी. त्यांच्या मांडीवर वही होती आणि त्या काहीतरी टिपून घेत होत्या. आम्ही समजलो, त्या आपला संघ निवडीत असाव्यात. मुलाने धीर करून विचारले. त्यांनी वही पुढे केली. तिच्यात जी नावे होती, ती सामना खेळणाऱ्यांची नव्हती. मैदानाच्या कडेने चार-पाच गडी एकेकटे, कोणी लंगडत, कोणी पायाला पट्टी बांधून, हळूहळू धावत होते. ती नावे त्यांची होती. बाई म्हणाल्या, "हंगाम सुरू झाला की बहुधा गुरुवारी संध्याकाळी तेवीस नावे जाहीर होतात. ती सगळेच वाचतात. राहिलेल्यांची कोणीतरी लिहून ठेवावीत, म्हणून मी ठेवते."

मग त्यांनी मुलाला २०१६ सालची गोष्ट सांगितली. ती त्याला पाठ होती. तरी तो ऐकत राहिला. त्या वर्षी क्लबाचा कर्णधार बॉब मर्फी होता. हंगामाच्या प्रारंभीच, एप्रिलमध्ये, त्याचा गुडघा दुखावला आणि वर्षभराचा खेळ संपला. पुढे हा संघ सातव्या क्रमांकावरून बाद फेरीत गेला आणि एकामागून एक सामने जिंकत अंतिम सामन्यास पोहोचला. लिन जाँग म्हणून दुसरा एक खेळाडू होता. बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात त्याचे खांद्याजवळचे हाड मोडले. तरी तो त्याच महिन्यात दुय्यम संघातून त्यांच्या अंतिम सामन्यात उतरला आणि तो संघ जिंकलाही. पण मोठ्या अंतिम सामन्याची यादी लागली, तेव्हा तीत त्याचे नाव नव्हते. नियम असा की, अंतिम सामन्यात जे खेळले त्यांनाच विजयाचे पदक. वर्षभर राबलेल्या बाकीच्यांना नाही.

१ ऑक्टोबर २०१६ रोजी बुलडॉग्जनी सिडनीच्या संघाचा २२ गुणांनी पराभव केला. बासष्ट वर्षांनी अजिंक्यपद आले होते. विजयी प्रशिक्षकास जॉक मॅकहेल यांच्या नावाचे पदक देतात. ते ल्यूक बेव्हरिज यांच्या गळ्यात पडले. तेव्हा त्यांनी मर्फीला मंचावर बोलावून घेतले आणि आपल्या गळ्यातील पदक काढून लाखभर लोकांसमक्ष त्याच्या गळ्यात घातले. "त्या दिवशी आमच्या आसपास रडला नाही असा माणूस नव्हता," बाई म्हणाल्या. मग थोडे थांबून त्या पुढे म्हणाल्या, "पण पदक एकच होते. जाँगला कोठून देणार?"

या शेवटच्या वाक्याने आम्हांस विचारात पाडले. मर्फीची गोष्ट गोड आहे आणि ती सांगावीशी वाटते. परंतु प्रत्येक वगळलेल्याला मंचावर बोलावणारा कोणी भेटतोच असे नाही. निवड करणारा निष्ठुर असतो असेही नाही. चाळीसांतून तेवीस निवडावयाचे, तर उरलेल्यांना दुखवावेच लागते. त्याला इलाज नाही. मात्र त्या उरलेल्यांनी उद्या पुन्हा मैदानावर यावे असे वाटत असेल, तर कोणीतरी कुंपणाशी उभे असले पाहिजे. हे काम प्रशिक्षकाचे नव्हे. ते आपले आहे.

सराव संपला. खेळाडू कुंपणाजवळून जाऊ लागले आणि मुले सह्यांसाठी धावली. आमचा नातू मात्र त्या गर्दीत गेला नाही. कडेने एकटा धावणारा एक तरुण गडी सर्वांमागून येत होता. त्याच्याकडे कोणाचेच लक्ष नव्हते. मुलाने आपली टोपी काढून त्याच्यापुढे धरली. त्याने सही केली आणि विचारले, "तू खेळतोस का?" मुलगा म्हणाला, "खेळतो. दुसऱ्या संघात." तो हसला, आपल्या पट्टी बांधलेल्या मांडीवर थाप मारून म्हणाला, "मीही सध्या तेथेच आहे," आणि निघून गेला.

परतताना आपल्या लोकांच्या दुकानात आम्ही दोघांनी पोटभर जेवण केले. तीन दिवसांची भूक त्याला त्या एका दुपारी लागली असावी. त्या रात्री घरामागच्या नळाखाली बूट धुण्याचा आवाज आम्ही ऐकला. भाचीने आमच्याकडे पाहिले; आम्ही काही बोललो नाही, कारण आम्ही खरोखरच त्याला काही सांगितले नव्हते.

आम्ही परतलो त्यानंतर त्याचे पत्र आले. त्यात पहिल्या संघाचा उल्लेख नव्हता. "आजोबा, आमच्या दुसऱ्या संघात बावीस मुले आहेत," एवढे लिहून त्याने खाली सर्वांची नावे दिली होती. यंदा आमच्या गावी फेस्ताच्या सामन्यांची यादी वाचली गेली, तेव्हा सवयीप्रमाणे लोक आपापल्या मुलाचे नाव ऐकून टाळ्या वाजवू लागले. आम्ही मागे वळून पाहिले. आंब्याखाली दोन मुले मान खाली घालून उभी होती. आम्ही उठून त्यांच्याजवळ गेलो आणि विचारले, "काय रे, उद्या सरावाला किती वाजता येता?"