हौसेची पर्स

बाईने पाटल्या केल्या की ती गुंतवणूक, पैठणी घेतली की हौस आणि महागडी पर्स घेतली की उधळपट्टी. लुई व्हिताँची ‘स्पीडी’ मी घरी आणली तेव्हा आत्या किंमत ऐकून म्हणाली, “अगं, एवढ्यात लेकीच्या पाटल्या झाल्या असत्या!” मैत्रिणीने पर्सवरून हात फिरवला आणि विचारलं, “आणि हे चामडंसुद्धा नाही? कापड?”

दोघींचंही खरं आहे. अडीनडीला पर्स गहाण पडत नाही, आणि तिचं अंग लेप दिलेल्या सुती कापडाचंच असतं. शंका मलाही होत्या. पैसे माझ्या पगारातून साठवलेले, कुणाचं देणं थकलेलं नाही, तरी तो आकडा घरखर्चाशेजारी मांडला की हात मागे यायचा. महिन्याच्या शेवटी वाण्याची वही चुकती करणाऱ्या घरात वाढलेल्या मुलीचा हात असा मागे येणारच.

पण पर्सचे बंद एकदा पाहा. न रंगवलेलं, कमावलेलं चामडं, नवं असताना सायीच्या रंगाचं. कडेने पिवळ्या दोऱ्याचे टाके, एकसारखे. ऊन लागतं, तळहाताचा घाम आणि तेल मुरतं, तसा तो रंग हळूहळू मधाळ होतो. जिथे बोटं रोज वळतात तिथे सगळ्यांत आधी. पावसाचा थेंब पडला तर डाग राहतो. म्हणजे दुकानात सारख्या दिसणाऱ्या दोन पर्स वापरून वापरून वेगळ्या होतात. माझ्या बंदांवर आता माझाच हात उमटला आहे. हा आनंद लोकांना दिसत नाही, आणि त्यांना दाखवायलाही मी ती घेतलेली नाही.

पर्सच्या कापडावर जी अक्षरं आणि फुलांची नक्षी असते, तिला लोक दिखावा म्हणतात. मला तिच्यात एक मुलगा दिसतो. लुई व्हिताँ डोंगराळ जुरा भागातला. कोवळ्या वयात घर सोडून पायी निघाला, १८३७ साली पॅरिसला पोचला आणि पेटारे बनवणाऱ्याकडे शिकाऊ राहिला. १८५४ मध्ये त्याने स्वतःचं दुकान थाटलं. तो गेल्यावर मुलगा जॉर्ज याने १८९६ साली बापाची आद्याक्षरं फुलांमध्ये गुंफून ही नक्षी काढली. नकला रोखण्याचा हेतू होताच, पण नाव बापाचं ठेवलं. बडोद्याच्या गायकवाड महाराजांसाठी १९२६ साली याच कारखान्याने चहाच्या सरंजामाची पेटी बनवली होती. राजाच्या हौसेला रसिकता म्हणायचं आणि नोकरदार बाईच्या हौसेला उधळपट्टी, हे मला मान्य नाही.

आमच्याकडच्या बायकांनी भिशी लावून पैठण्या घेतल्या, मलमलीत गुंडाळल्या आणि लग्नकार्यापुरत्या बाहेर काढल्या. त्यांची जपणूक मला कळते. जीव लावल्याशिवाय कुणी एवढं जपत नाही. मी मात्र पर्स रोज नेते. तिच्यात छत्री असते, गोळ्यांची पाकिटं असतात, परतीच्या वाटेवर कोथिंबिरीची जुडीही असते. आत्याला मी पाटल्यांबद्दल उलट उत्तर दिलं नाही. तिची काळजी खरी आहे, आणि लेकीसाठी साठवणं सुरूच आहे.

तुमच्याही मनात अशी एखादी वस्तू असेल, पैसा कष्टाचा असेल आणि घराची कुठली गरज त्यापायी अडत नसेल, तर खुशाल घ्या. फक्त घेतल्यावर कपाटात ठेवू नका.