जिवंत गाळ

उन्हाळ्यात नाथसागर जलाशयाचं पाणी मागे सरलं की पैठणच्या बाजूला काळा गाळ उघडा पडतो. उथळ पाण्यात काठी खुपसली की बुडबुडे वर येतात. त्यात बराचसा मिथेन. प्राणवायू नसलेल्या थरातले सूक्ष्मजीव तो तयार करतात.

*

खाऱ्या गाळात क्रम बदलतो. समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर, म्हणून आधी सल्फेटवर जगणारे जिवाणू कामाला लागतात. कुजक्या अंड्याचा वास आणि लोहाच्या सल्फाइडचा काळा रंग ही त्यांची खूण. सल्फेट संपतं, तिथून खाली मिथेन. गोड्या पाण्यात सल्फेट कमी, म्हणून नाथसागरात तो वरच भेटतो.

*

मुंबईची शिवडी. ओहोटीला चिखलावर तपकिरी-सोनेरी साय दिसते. ते डायटम, एकपेशीय शैवाल. उजेडासाठी कणांमधून सरकत वर येतात, भरतीआधी पुन्हा खाली जातात. सरकताना चिकट शर्करायुक्त स्राव सोडतात आणि त्यात मातीचे कण बांधले जातात. एरवी सहज उठला असता तो गाळ मग भरतीच्या पाण्याला दाद देत नाही. औषध घालून हे जीव मारले, तर तोच चिखल कमी वेगाच्या प्रवाहातही वाहायला लागतो. प्रयोगांत हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे. कण तेच, पाणी तेच! या विषयातलं सगळ्यात मोठं आश्चर्य मला हेच वाटतं.

गोगलगायी ही साय चरतात, पकड सैल होते.

*

या चिखलातली माती मात्र ओळखीची. दख्खनच्या बेसाल्टच्या झिजेतून आलेलं, पाणी धरून फुगणारं स्मेक्टाइट हे खनिज आपल्या काळ्या रानात आहे तसं कोकणच्या खाड्यांतही आहे.

*

मुंबई-गोव्यासमोर समुद्रतळाखाली वायू साठलेला आहे. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी तो ध्वनिलहरींच्या नोंदींत टिपला. वायू असेल तिथे खालचे थर दिसतच नाहीत. मऊ चिखलात बुडबुडा कणांच्या फटींत मावत नाही. तो चिखल फाडून चपटी भेग करतो. उथळ खाडीत ओहोटीला वरचा दाब घटतो आणि बुडबुडे फुगतात.

*

शिवडीहूनच निघणाऱ्या, 2024 साली खुल्या झालेल्या अटल सेतूचे खांब खडकापर्यंत नेता आले. भरावाला आणि बांधाला ती सोय नाही, त्यांना चिखलावरच उभं राहावं लागतं. म्हणून बांधकामाआधी त्या चिखलाचा नमुना भट्टीत वाळवून मग चाचणी करणं मला खटकतं. सेंद्रिय चिकटा एकदा वाळला की पाणी घालूनही पूर्ववत होत नाही, आणि त्या मातीची पाणी धरण्याची ताकद कमी भरते. चाचणी ओल्या नमुन्याचीच व्हावी. नमुन्यासाठी घेतलेल्या बोअरच्या नोंदीत खोलीसोबत वास, रंग, बुडबुडे हेही लिहिलं जावं.