छत्रीच्या मागोमाग

स्वतंत्र बुद्धीने प्रवास करणारा मनुष्य श्रेष्ठ आणि यात्राकंपनीबरोबर जाणारा कनिष्ठ, असे मानणारा सुशिक्षितांत एक संप्रदाय आहे. 'आम्ही नाही बुवा टूरबरोबर जात,' हे वाक्य उच्चारताना काही चेहऱ्यांवर जे तेज चढते ते एरवी 'आमच्या घरी दूरदर्शन नाही,' हे सांगतानाच आढळते. आम्ही इंग्रजी वाङ्मय शिकविण्यात तीस वर्षे घालविलेली. तेव्हा आमचे नाव याच संप्रदायात दाखल असावयाचे. परंतु ज्या अंबाजोगाईच्या माणसास आगगाडी गाठावयाची तर परळीस जावे लागते, त्याने रोमला उतरून आठ देश ओलांडीत लंडनपर्यंत जावयाचे, परक्या भाषांत तिकिटे काढावयाची, ठिकठिकाणी शाकाहाराचा शोध घ्यावयाचा, आणि हे सर्व गुडघ्याने त्रस्त झालेल्या कुटुंबास बरोबर घेऊन, असे चित्र डोळ्यांपुढे उभे राहताच संप्रदायाचा अभिमान आपोआप ओसरला. आम्ही पैसे भरले. चौदा दिवस, आठ देश, चव्वेचाळीस माणसे आणि एक छत्री.

आठ देश म्हणताना छाती फुगते खरी; पण त्यांत व्हॅटिकन येते, जे अर्धा चौरस किलोमीटरही भरत नाही, आणि लिख्टेनश्टाईन येते, जे आमच्या तालुक्याहून लहान आहे. या दुसऱ्या देशात आमची गाडी पन्नास मिनिटे उभी होती. त्यांतील वीस मिनिटे स्वच्छतागृहापुढील रांगेत गेली.

छत्री आमच्या व्यवस्थापकाची. हा पुण्याकडचा तरतरीत तरुण तिला न उघडता भाल्यासारखी उंच धरून पुढे चाले आणि दर दहा पावलांनी वळून सांगे, ''काका, काकू, छत्री दिसत राहिली पाहिजे हं!'' रोममध्ये आम्ही सर्वांत अधिक वेळ काय पाहिले असे कोणी विचारल्यास प्रामाणिक उत्तर 'छत्री' असेच द्यावे लागेल. सिस्टाईन प्रार्थनामंदिराचे छत मायकेलँजेलोने १५०८ ते १५१२ अशी चार वर्षे खपून रंगविले. आम्हांस ते पंधरा मिनिटांत पाहावयाचे होते, आणि तेही पुढच्याच्या पाठीवरील पिशवी व मागच्याचा रेटा सांभाळून. रखवालदार मधूनमधून शांततेसाठी ओरडत होता. त्या मंदिरातला सर्वांत मोठा आवाज त्याचाच.

दिनक्रम असा. पहाटे साडेपाचास पेट्या खोलीबाहेर, सहाला न्याहारी, सातला गाडी. हॉटेले शहरापासून इतकी दूर की ज्या नगराच्या नावाने आम्ही रात्री निजलो त्याचा एकही दिवा खिडकीतून दिसू नये. रात्रीचे जेवण भारतीय उपाहारगृहात. रोमचे पनीर, ल्युसर्नचे पनीर व पॅरिसचे पनीर यांत भेद करील असा रसिक आमच्यांत कोणी नव्हता. पाचव्या दिवशी पती-पत्नींतील संभाषणे बंद पडली. रागाने नव्हे, थकव्याने. मग चिवड्याचे डबे उघडले, आणि सोलापूर, लातूर व चिपळूण येथील चिवड्यांच्या गुणदोषांवर अशी चर्चा झाली की आल्प्स पर्वत दोन्ही बाजूंनी निघून गेला तरी कोणी मान वळविली नाही.

या प्रकाराचा मूळपुरुष टॉमस कुक. ५ जुलै १८४१ रोजी त्याने मद्यपाननिषेधाच्या एका सभेसाठी सुमारे पाचशे माणसे, माणशी एक शिलिंग घेऊन, आगगाडीने लेस्टरहून लफबरोला नेली. आणि १८५५ पासून तो साध्यासुध्या इंग्रजांना युरोप खंडही दाखवू लागला. विद्वानांचे कपाळ तेव्हापासून आठ्यांनी भरलेले आहे. आगगाडीने जाणे म्हणजे प्रवास नव्हे, ते पार्सलासारखे पाठविले जाणे होय, असा रस्किनचा अभिप्राय. त्याहून तीव्र वर्डस्वर्थ. १८४४ साली त्याच्या सरोवरांच्या प्रदेशात विंडरमियरपर्यंत लोहमार्ग आणण्याची योजना निघाली तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांच्या या कवीने वृत्तपत्रातून तिला कडाडून विरोध केला. सृष्टिसौंदर्याची अभिरुची ही सावकाश संस्काराने येते. कारखान्यांतली माणसे गाड्या भरभरून आणून सोडल्याने ती त्यांना लाभणार नाही, असा त्याचा युक्तिवाद. हा प्रसंग आम्ही वर्गात पुष्कळदा सांगितला आहे, आणि सांगताना आमची सहानुभूती कवीकडेच असे. आता तो आठवला गाडीच्या एकतिसाव्या आसनावर बसून; म्हणजे ज्यांना येऊ देऊ नये असे त्याचे म्हणणे होते त्यांच्या बाजूने.

वर्डस्वर्थचा उल्लेख येण्यास आणखी एक कारण आहे. या साऱ्या यातायातीकडे आमचे स्वतःचे मागणे एकच होते. वेस्टमिन्स्टरच्या पुलावरून दिसलेल्या लंडनवर त्याने रचलेले सुनीत आम्ही तीस वर्षे शिकवीत आलो. जयंती नदीच्या काठच्या आमच्या गावात, मार्चच्या उन्हात तापलेल्या वर्गात, ज्यांनी उभ्या आयुष्यात धुके पाहिले नव्हते अशा मुलांपुढे आम्ही तो थेम्स नदीचा प्रातःकाळ उभा केला. आणि उभा करणाऱ्यानेही तो पाहिलेला नव्हता. तेव्हा त्या पुलावर पाच मिनिटे उभे राहावयाचे, एवढेच. व्यवस्थापकास हे मुंबईच्या विमानतळावरच सांगितले. तो म्हणाला, ''सर, पुलावरून गाडी जातेच आपली. थांबत मात्र नाही.''

न थांबण्यामागे कायदा आहे. युरोपातील बसचालकास साडेचार तास गाडी हाकल्यावर पाऊण तास विश्रांती घ्यावीच लागते, दिवसाकाठी नऊ तासांहून अधिक वेळ हाकावयाची मुभा त्यास आठवड्यातून दोनदाच, तीही एका तासाची. आणि चाकामागचे यंत्र मिनिटामिनिटाची नोंद ठेवते. म्हणून आम्ही पंधरा मिनिटे उशीर केला की तो उशीर पुढच्या गावातून कापला जाई. वेळेच्या बाबतीत आमच्या गावाची परंपरा निराळी आहे. योगेश्वरी ही मूळची कोकणातली. परळीच्या वैजनाथाशी तिचा विवाह ठरला, पण मुहूर्त टळला, वऱ्हाड शिळा होऊन बसले आणि देवी अंबाजोगाईस कुमारिकाच राहिली, अशी आख्यायिका आहे. हत्तीखाना या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लेण्यातले दगडी हत्ती त्याच वऱ्हाडातले, असे लहानपणी आम्हांस सांगत. ज्या गावी प्रत्यक्ष देवीस वेळ साधली नाही तेथील माणसास घड्याळाचे एवढे भय नसते. कोकणातून कुलदैवताच्या दर्शनाला बसगाड्या येतात; ती मंडळी देवीचे दर्शन, मुकुंदराजांची समाधी, दासोपंतांची समाधी असे भराभर उरकून दोनच्या आत परळी गाठू पाहतात, तेव्हा मंदिरासमोरचे दुकानदार त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहतात तीच नजर आम्हांस फ्लॉरेन्सच्या चौकात एका फळविक्याच्या डोळ्यांत दिसली.

त्याच फ्लॉरेन्समध्ये एक प्रसंग घडला. ठरल्या वेळी गाडीत बेचाळीसच माणसे. पाऊण तास झाला. मागच्या बाकांवर कुजबुज सुरू झाली, मग उघड बोलणे. 'एकामुळे सगळ्यांना शिक्षा' हे वाक्य शाळा सोडल्यानंतर आम्ही प्रथमच ऐकले. चालक घड्याळाकडे बोट दाखवू लागला. शेवटी व्यवस्थापक त्या सोलापूरच्या वृद्ध दांपत्यास घेऊन आला. गृहस्थ एका पायरीवर बसले ते त्यांना उठताच येईना. दूरध्वनी हॉटेलात विसरलेला. आणि बाई त्यांना सोडून गाडी शोधावयास जाण्यास तयार नव्हत्या. ''ह्यांना एकट्यांना कसं टाकून येऊ हो?'' एवढेच त्या सर्वांना उद्देशून म्हणाल्या. गाडीत कोणी काही बोलले नाही. आमच्या कुटुंबाने स्वतःच्या गुडघ्याचे मलम काढून पुढे पाठविले. त्या दिवशी कार्यक्रमातले एक उद्यान गळाले. कोणते, ते आता आठवत नाही.

प्रवासात लातूरचे एक कापडाचे व्यापारी होते, सत्तरीच्या घरातले. त्यांना सगळे अण्णा म्हणत. रोम व फ्लॉरेन्स ही नगरे त्यांनी फारशी मनावर घेतली नाहीत. चित्रे व पुतळे यांपुढे ते हात जोडीत आणि पुढे सरकत. पुढे शाफहाउजेनजवळ ऱ्हाईन नदीचा धबधबा लागला. दीडशे मीटर रुंद, तेवीस मीटर उंच. आम्ही माहिती वाचली, छायाचित्र घेतले आणि तुषारांपासून चष्मा वाचवीत मागे फिरलो. अण्णा कठड्याशीच उभे.

''सर, हे पाणी किती पडतं म्हणता?''

उन्हाळ्यात सरासरी सहाशे घनमीटर, दर सेकंदास, असे आम्ही सांगितले.

''लिटरमध्ये सांगा.''

''सहा लाख.''

अण्णा काही वेळ गप्प राहिले. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले होते, हे वाचकांस स्मरत असेल. त्याआधी पाणी भरण्याच्या जागांभोवती जमावबंदी पुकारावी लागली होती. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, आणि त्यांतून आले ते सुमारे पाच लाख लिटर. ती गाडी आली त्या दिवशी अण्णा तेथेच होते. त्या उन्हाळ्यात दुकानावरून टँकर गेला की गिऱ्हाईक तसेच सोडून नोकर घागरी घेऊन धावत, असे त्यांनी सांगितले. मग त्यांनी मनगट वर केले आणि सेकंदकाट्याकडे पाहत ते मोजू लागले. ''एक गाडी. दोन गाडी. तीन गाडी.'' व्यवस्थापकाची छत्री दूर हलत होती. अण्णांनी साठपर्यंत मोजले, घड्याळ बाहीखाली झाकले आणि एकही छायाचित्र न घेता ते गाडीकडे चालू लागले. वाटेत त्यांनी विचारले, ''खाली कुणाची शेती आहे हो या पाण्यावर?'' आम्हांस सांगता आले नाही.

युंगफ्राउयोख, पॅरिस व ब्रुसेल्स यांचे वर्णन करून आम्ही वाचकांस शिणवीत नाही. पहिल्या ठिकाणी, ३४५४ मीटरांवर, म्हणजे दोन कळसूबाया एकावर एक ठेवल्या तरी त्यांहून उंच, १९१२ साली पुरा झालेला लोहमार्ग पर्वताच्या पोटातून नेतो, आणि तेथे पोचल्यावर निम्म्या मंडळींना धाप लागून बसावे लागले. तिसऱ्या ठिकाणी अडीच वितींच्या एका ब्राँझच्या पोरासाठी आम्ही पावसात वीस मिनिटे चाललो. मग कॅले, तेथून बोटीने डोव्हर, आणि लंडन.

सकाळचे अकरा वाजले होते. अर्धी गाडी झोपलेली. व्यवस्थापक प्रचंड पाळण्याच्या तिकिटांविषयी सूचना देत होता. दक्षिण तीरावरून गाडी पुलावर चढली, आणि वाहनांच्या गर्दीत, कोणी न सांगता, उभी राहिली. डाव्या खिडकीत पार्लमेंटचे मनोरे व घड्याळ. खाली गढूळ पाणी. फुटपाथावर हात लांबवून स्वतःचेच छायाचित्र काढणारी शेकडो माणसे.

''हाच का हो तो पूल?'' कुटुंबाने विचारले. शिकवणीच्या खोलीला लागून स्वयंपाकघर असल्यामुळे ती कविता त्यांचीही तीस वर्षे झालेली आहे.

''हाच.''

''शांत तर काही दिसत नाही.''

''ते पहाटेचे वर्णन आहे.''

''मग पहाटे यायचं.''

''पहाटे आपण पेट्या बाहेर ठेवीत होतो.''

वस्तुतः हा तो पूल नव्हेच. आताचा पूल १८६२ सालचा. कवीच्या वेळचे पार्लमेंट १८३४ मध्ये जळाले. घड्याळाचा मनोरा १८५९ चा. त्याने पाहिलेले यांतले काहीही आमच्यासमोर नव्हते. होती ती नदी. मग आणखी एक गोष्ट ध्यानात आली. वर्गात ती आम्ही तळटीप म्हणून सांगत असू. वर्डस्वर्थ या पुलावर पाच मिनिटे उभा राहिलेला नाही. तो डोव्हरला जाणाऱ्या घोडागाडीच्या टपावर, इतर उतारूंत बसला होता. कवितेच्या शीर्षकात ३ सप्टेंबर १८०२ ही तारीख असली तरी बहिणीच्या रोजनिशीवरून पाहता तो देखावा जुलैच्या अखेरचा. फ्रान्समध्ये त्याची एक मुलगी होती, नऊ वर्षांची. आपल्या लग्नापूर्वी तिला व तिच्या आईला भेटावयास तो निघाला होता. डोक्यात तो विचार, खाली खडखडणारी चाके, आणि गाडी थांबवावयाचा अधिकार गाडीवानाकडे. पूल ओलांडावयास जेवढा वेळ लागला तेवढाच त्याला मिळाला. त्याच्या हिशेबाने आम्ही अधिकच थांबलो होतो.

मागच्या आसनावरून अण्णा पुढे वाकले. ''सर, हे पाणी गोड का खारं?''

समुद्राची भरती येथपर्यंत, येथून पुष्कळ आतपर्यंतही येते, असे आम्ही सांगितले.

''म्हणजे नदी उलटी वाहते?''

''दिवसातून दोनदा.''

त्या सुनीतातही नदीच्या वाहण्याचा उल्लेख आहे. हा प्रश्न तीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने विचारला नव्हता. अण्णांनी कुटुंबाच्या डोक्यावरून काचेस नाक लावले, आम्हीही वाकलो. एक फळकूट पुलाखालून बाहेर आले आणि पार्लमेंटच्या भिंतीच्या कडेने, समुद्राकडे पाठ करून, वर वर चालले. कुटुंबाने त्याकडे बोट दाखविले. तेवढ्यात गाडी हलली.